‘आपण जरा बोलू या’

‘आपण जरा बोलू या’ हे मराठीतील एक अत्यंत सभ्य वाक्य आहे. ते ऐकताच ज्याच्या पोटात गोळा येतो तो हाताखालचा, आणि जो ते सहज उच्चारून पुन्हा फायलीत डोके घालतो तो वरचा. एवढी ओळख नोकरी करणाऱ्या कोणालाही पुरेल.

मागील शैक्षणिक वर्षात आमच्या महाविद्यालयात प्राध्यापकांसाठी एक दिवसाची कार्यशाळा झाली. विषय होता ‘कामाच्या ठिकाणचे कठीण संवाद’. शहरातून आलेल्या प्रशिक्षकांनी पडद्यावर चित्रे दाखवली आणि सूत्रे सांगितली. आवाज खाली ठेवा. वाक्याची सुरुवात ‘तुम्ही’ने करू नका, ‘मला’ने करा. आरोप करू नका, निरीक्षण मांडा. आधी कौतुक, मग दोष, मग पुन्हा कौतुक. आम्ही सर्वांनी ते इमानेइतबारे वहीत उतरवून घेतले. दुपारी जेवण झाले, प्रमाणपत्रे वाटली गेली, सामूहिक छायाचित्र निघाले आणि ते नॅकच्या फायलीत जाऊन बसले. सभागृहाच्या शेवटच्या रांगेत तासिका तत्त्वावरचे, म्हणजे आमच्या बोलीत ‘सीएचबीवरचे’, सात सहकारी बसले होते. त्यांचे कित्येक महिन्यांचे मानधन थकले होते. त्याविषयी त्या दिवशी कोणीही, कोणत्याही सुरात, एक शब्द काढला नाही. कठीण संवादावरच्या कार्यशाळेत त्या इमारतीतला सर्वांत कठीण संवाद तेवढा झाला नाही.

प्रस्तुत लेख त्या मौनाविषयी आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे: कठीण संवादाचे हे जे नवे शास्त्र आपल्या संस्थांतून शिकवले जात आहे, ते अन्यायाचे रूपांतर सुराच्या प्रश्नात करते. काय केले, कोणी केले, का केले हे प्रश्न मागे पडतात आणि ‘कसे सांगितले’ एवढाच प्रश्न उरतो. या फसवणुकीत भाषेचा वापर होतो. म्हणून ती ओळखण्याची पहिली जबाबदारी भाषा आणि साहित्य शिकवणाऱ्यांची आहे. ती आपण पार पाडलेली नाही. उलट, या कामी आपली भाषिक हुशारीच वापरली गेली आहे. हे मी इतरांवर ठपका ठेवण्यासाठी लिहीत नाही. माझा स्वतःचा वाटा पुढे येईलच.

मूळ ग्रंथाविषयी

या शास्त्राला उगाच हिणवण्याचे कारण नाही. हार्वर्ड निगोशिएशन प्रोजेक्टशी संबंधित डग्लस स्टोन, ब्रूस पॅटन आणि शीला हीन यांचे ‘डिफिकल्ट कॉन्व्हर्सेशन्स’ हे पुस्तक १९९९ साली प्रसिद्ध झाले. आजच्या बहुतेक कार्यशाळांतील सूत्रांचे उगम त्यात किंवा त्याच्या आसपासच्या पुस्तकांत सापडतात. पुस्तक बुद्धिमान आहे. प्रत्येक कठीण संवादाच्या पोटात तीन संवाद चालू असतात, असे ते म्हणते: काय घडले याविषयीचा, भावनांविषयीचा आणि ‘मी कोण’ याविषयीचा. दोष कोणाचा हे विचारण्याऐवजी परिस्थिती घडण्यात कोणाचा किती वाटा होता हे पाहावे, असेही ते सुचवते. दोन स्नेह्यांत, पतिपत्नींत, एकाच पायरीवरच्या दोन सहकाऱ्यांत ही दृष्टी खरोखरच उपयोगी पडते. परीक्षेच्या कामाची वाटणी, संयुक्त शोधनिबंधावर कोणाचे नाव आधी, ग्रंथालयासाठीची कोणाची यादी मंजूर व्हावी, अशा भांडणांत मी स्वतः तिचा उपयोग केला आहे आणि भांडणे मिटलीही आहेत.

अडचण तिथून पुढे सुरू होते. दोघांनाही टेबलावरून उठून जाता येते, हे त्या टेबलाचे गृहीतक आहे. अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० साली ‘एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी’ या पुस्तकात एक साधी पण मर्माची गोष्ट सांगितली. संस्था बिघडू लागली की तिच्यातल्या माणसासमोर दोन वाटा असतात: बाहेर पडणे किंवा आवाज उठवणे. आणि बाहेर पडण्याची शक्यता खरी असेल, तेव्हा आवाजालाही वजन येते. आता सेट-नेट झालेल्या, पीएच.डी. झालेल्या, चाळिशीला टेकलेल्या आणि दर जून महिन्यात पुन्हा मुलाखतीला उभ्या राहणाऱ्या तासिका शिक्षकाचा विचार करा. त्याला बाहेर पडण्याची वाट नाही, कारण बाहेर दुसऱ्या महाविद्यालयाची तीच रांग आहे. ज्याच्या पुढच्या वर्षाचे तास समोरच्या माणसाच्या सहीवर अवलंबून आहेत, त्याला ‘मनमोकळे बोला’ असे सांगणे म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार देताना ‘दुखले तर सांगा’ म्हणण्यासारखे आहे.

सामोपचार हा आपला जुना, सुंदर शब्द. परंतु साम, दाम, दंड, भेद हे चार उपाय नीतिशास्त्राने राजासाठी सांगितले आहेत, हे आपण विसरतो. ज्याच्या मागे दंड उभा आहे त्याने साम वापरावा, यात औचित्य आहे. ज्याच्यापाशी दंड नाही, दाम नाही, त्याच्या हातातल्या सामाला विनवणी म्हणतात. एकच कौशल्य दोघांना शिकवल्याने दोघे समान होत नाहीत.

मराठीचा प्रश्न वेगळा आहे

‘तुम्ही’ऐवजी ‘मला’ने सुरुवात करा, हे सूत्र इंग्रजी वाक्यरचनेतून आले आहे. इंग्रजी बोलणारा सहज म्हणतो की तू मला संतप्त करतोस. तिथे भावनेचा कर्ता समोरचा होतो आणि ऐकणारा लगेच बचावाला उभा राहतो. म्हणून त्याला शिकवावे लागते की, बाबा रे, स्वतःची भावना स्वतःच्या नावाने सांग. मराठीला हे शिकवण्याची गरज नाही. ‘मला राग आला’, ‘मला वाईट वाटले’, ‘माझा जीव तुटला’ असेच आपण पूर्वापार बोलतो. राग आपल्याकडे येतो, वाटणे आपल्याला होते. आपली भाषा भावनेची मालकी कधी दुसऱ्यावर ढकलत नाही.

ती ढकलते कृतीची मालकी. मराठीत, विशेषतः कार्यालयीन मराठीत, जे हरवते ते कर्त्याचे नाव. ‘आपणांस कळविण्यात येते की, पुढील सत्रात कार्यभार उपलब्ध नसल्याने आपली सेवा समाप्त करण्यात येत आहे.’ कळवतो कोण? समाप्त करतो कोण? कोणीच नाही. कार्यभार उपलब्ध नाही, जसा एखाद्या वर्षी पाऊस नाही. इंग्रजी पॅसिव्हच्या वळणाने आलेला ‘नवीन कर्मणी प्रयोग’ आपण वर्गात शिकवतो. रावण रामाकडून मारला जातो, तेव्हा निदान राम तरी वाक्यात शिल्लक असतो. कार्यालयातला त्याचा चुलतभाऊ रामालाही वगळून टाकतो. रावण मारण्यात येतो, एवढेच उरते.

दुसरे उदाहरण सर्वनामांचे. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन वेगळे शब्द आहेत, ही आपल्या भाषेची श्रीमंती. पहिल्यात ऐकणारा वगळलेला असतो, दुसऱ्यात तो सामील असतो. त्यावर आणखी, ‘आपण’ हे आदरार्थी द्वितीयपुरुषी सर्वनामही आहे. या तिहेरी सोयीचा लाभ कसा घेतला जातो, तो कोणत्याही स्टाफरूममध्ये ऐकावा. ‘आपण एक कुटुंब आहोत’ यात सर्व सामील. ‘आपण रविवारी येऊन नॅकचे काम संपवू’ यात बोलणारा घरी असतो आणि ऐकणारा कामावर. ‘आम्ही ठरवले आहे’ हे वाक्य मात्र निर्णयाच्या दिवशी येते आणि त्यात ऐकणाऱ्याला जागा नसते. कष्टाच्या वेळी ‘आपण’, सत्तेच्या वेळी ‘आम्ही’, आणि हकालपट्टीच्या वेळी कर्ताच नाही, अशी ही व्यवस्था आहे.

तिसरे उदाहरण इतिवृत्ताचे. ‘सदर विषयावर सविस्तर चर्चा होऊन सर्वानुमते ठरले की…’ या वाक्याखाली किती न झालेल्या चर्चा पुरल्या गेल्या आहेत, याची मोजदाद कोणी करायची?

माझा वाटा

काही वर्षांपूर्वी मी विभागप्रमुख होतो. आमच्या विभागात एक बाई चार वर्षे तासिका तत्त्वावर शिकवत होत्या. भाषाविज्ञानाची प्रश्नपत्रिका त्यांच्याकडे होती; मी स्वतः ती शिकवण्याचे टाळत असे. एप्रिल महिन्यात प्राचार्यांनी मला बोलावून सांगितले की पुढील वर्षी ते तास संस्थेच्या जवळच्या एका उमेदवाराला द्यायचे आहेत. ‘तुमचे बोलणे चांगले आहे, तुम्हीच त्यांना समजावून सांगा.’ या स्तुतीने मी सुखावलो, हे कबूल केले पाहिजे.

मी बाईंना केबिनमध्ये बोलावले. चहा मागवला. त्यांच्या अध्यापनाचे कौतुक केले, आणि ते खोटे नव्हते. मग म्हणालो, ‘मॅडम, पुढच्या वर्षीचे वर्कलोड जरा अवघड दिसते आहे. आपल्याला काहीतरी मार्ग काढावा लागेल.’ त्यांनी शांतपणे विचारले, ‘सर, आपल्याला म्हणजे कोणाला?’

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी परिस्थितीविषयी, अनुदानाविषयी, विद्यार्थिसंख्येविषयी बोललो. प्रत्येक वाक्य स्वतंत्रपणे खरे होते आणि सर्व मिळून असत्य होते. कारण त्यांचे तास कमी झाले नव्हते, ते दुसऱ्याला दिले गेले होते. बाईंनी ऐकून घेतले. शेवटी एवढेच विचारले, ‘हे मला लिहून मिळेल का?’ मी म्हणालो, ‘कागदाचे काय ते ऑफिसात विचारा.’ त्या उठल्या, नमस्कार केला आणि गेल्या. त्या रडल्या नाहीत, आवाज चढवला नाही, याचे मला हायसे वाटले. प्राचार्य दुसऱ्या दिवशी म्हणाले, ‘छान हाताळलंत.’

हाताळणे हे क्रियापद मराठीत आपण फायलींसाठी, यंत्रासाठी, बाजारातल्या भाजीसाठी वापरतो. त्या दिवशी मी एका माणसाला हाताळले होते. आणि कार्यशाळेच्या कोणत्याही निकषावर तो संवाद उत्तम ठरला असता: सूर खालचा, कौतुक आधी, आरोप शून्य. त्यात एकच उणीव होती. तो खोटा होता.

साहित्य आपल्याला हे सांगत आलेच आहे

ज्या नाटकावर आपण वर्षानुवर्षे प्रश्न काढतो, त्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये हाच प्रसंग आहे. १९६७ साली रंगभूमीवर आलेल्या तेंडुलकरांच्या या नाटकाचे विवेचन आपण स्त्रीचे शोषण, मध्यमवर्गीय दांभिकता, समूहाची हिंसा अशा मथळ्यांखाली करतो, आणि ते योग्यच आहे. परंतु लीला बेणारे ही नोकरी करणारी शिक्षिका आहे आणि तिची नोकरी जाणार ही वार्ता तिला एका खेळाच्या ओघात, साक्षीपुराव्याच्या मिषाने ऐकावी लागते, ही गोष्ट आपण किती वेळा अधोरेखित केली? शाळेचा निर्णय तिला शाळेने सांगितलेला नाही. ‘लेकी बोले सुने लागे’ या आपल्या घरगुती तंत्राचा तो नाट्यगृहात झालेला विस्तार आहे. तिला बोलण्याची संधी मिळते ती दहा सेकंदांची. तिचे प्रदीर्घ स्वगत प्रेक्षक ऐकतो. रंगमंचावरचे सहकारी ऐकत नाहीत. ते संपताच कामकाज जणू काही झालेच नाही अशा रीतीने पुढे चालू होते, आणि अखेरीस सर्वजण तो केवळ खेळ होता असे मानून मोकळे होतात. संवादाची सर्व बाह्य चिन्हे हजर: क्रम, शिष्टाचार, बोलण्याची पाळी. संवाद मात्र नाही.

आणि ज्याने बोलायला हवे होते तो साक्षीदार गैरहजर आहे. तो कोण? प्रोफेसर दामले. मराठी नाटकातील बहुधा सर्वांत बोलकी रिकामी खुर्ची एका प्राध्यापकाची आहे. हे मी इतकी वर्षे शिकवले आणि ती खुर्ची माझ्या केबिनमध्येही आहे हे मला कळले नाही.

नेमाड्यांचा चांगदेव पाटील एका महाविद्यालयातून दुसऱ्यात बिऱ्हाड हलवत राहतो. तो वाचताना आपण त्याच्या परात्मतेवर टिपणे काढतो, संस्थाचालकांच्या जातीच्या आणि पैशाच्या राजकारणावर हसतो, आणि तास संपला की त्याच संस्थेच्या मस्टरवर सही करतो. बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३चा. त्याच्या शीर्षककथेत नव्या नोकरीवर रुजू झालेल्या माणसासाठी सर्वांत कठीण संवाद तोच असतो, जो सुस्थित माणसाला संवाद वाटतच नाही: तू कोण? कुठला? अशी सहज चौकशी. ज्याला ती चौकशी सहज वाटते आणि ज्याला तिच्यात मार दिसतो, त्या दोघांना एकच श्वासाचा व्यायाम शिकवून काय साधणार?

स्पष्टवक्तेपणाचा सोस

येथे काही वाचक मान डोलावतील आणि म्हणतील, आम्ही आधीपासूनच सांगतो, माणसाने तोंडावर बोलावे. त्यांच्याशीही माझे भांडण आहे. मराठी माणसाला आपल्या स्पष्टवक्तेपणाचा मोठा अभिमान. परंतु हा स्पष्टवक्तेपणा कोणत्या दिशेने वाहतो ते एकदा तपासावे. शिपायाशी, विद्यार्थ्याशी, नव्या बाईंशी तो धो धो वाहतो. संस्थेच्या अध्यक्षांसमोर त्याला अचानक परिस्थितीचे भान येते. पाणी उताराकडे वाहते, तशी ही निर्भीडताही. दुसऱ्याला टोचून बोलणे हे सत्य बोलण्याचे प्रमाण नव्हे. गोड खोटे आणि उर्मट खरे यांतून एकाची निवड करा, असा प्रश्नच नाही. सौजन्याला माझा विरोध नाही. सौजन्य वस्तुस्थितीच्या जागी बसवले जाते, त्याला आहे.

‘मग काय रोज भांडायचे?’ असाही आक्षेप येईल. त्याला उत्तर आपल्या कायद्याने दिले आहे. १९९७च्या विशाखा निकालानंतर बऱ्याच वर्षांनी, २०१३ साली, कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा झाला. त्याच्या कलम १०मध्ये समेटाची तरतूद आहे. पण चौकशीपूर्वी समेटाचा प्रयत्न पीडित महिलेने विनंती केली तरच करता येतो, आणि पैशाची देवघेव हा त्याचा आधार असू शकत नाही. या तरतुदीतली दृष्टी मला मोलाची वाटते. बसून बोलायचे की रीतसर चौकशी मागायची, हे ज्याच्यावर अन्याय झाला त्याने ठरवायचे. संस्थेने ‘बसून मिटवा’ म्हणायचे नाही. हेच तत्त्व त्या एका कायद्यापुरते का राहावे? वेतन, बढती, तास, जातीवरून झालेला अपमान, या साऱ्यांबाबत ‘आधी सामंजस्याने बोला’ हा सल्ला दुबळ्याला मिळतो. आणि तो देणाऱ्याचे त्यात काही जात नाही.

मागण्या

म्हणून मला कार्यशाळेतल्या सूत्रांपुढे चार साध्या मागण्या ठेवायच्या आहेत. पहिली, निर्णय सांगताना कर्ता सांगावा, आणि कर्तरी प्रयोगात सांगावा. ‘मी तुमचे नाव पुढे पाठवले नाही’ हे वाक्य उच्चारण्याचे धैर्य नसेल, तर ते कृत्य करण्याचा अधिकारही आपल्याला नाही. दुसरी, जे तोंडी सांगितले ते त्याच दिवशी लेखी द्यावे. तिसरी, वरच्या माणसाने बोलावलेल्या प्रत्येक बैठकीत खालच्या माणसाला विषय आधी कळावा आणि सोबत कोणाला तरी आणता यावे. चौथी, इतिवृत्तात ‘सविस्तर चर्चा’ लिहिण्याऐवजी कोणाचा काय विरोध होता ते लिहावे.

यातली एकही मागणी संवादकौशल्याची नाही, हे लक्षात येईल. या व्यवस्थेच्या मागण्या आहेत. त्या पूर्ण झाल्या की सूर, शब्द, चहा, कौतुक यांना खरी किंमत येईल. कारण मग ते कशावर पांघरूण म्हणून येणार नाहीत.

मी विभागप्रमुखपद सोडण्यापूर्वी पुन्हा एकदा ‘समजावून सांगा’ असा निरोप आला होता. त्या वेळी मी प्राचार्यांना लेखी कळवले की निर्णय माझा नाही, तो ज्यांचा आहे त्यांनी तो स्वतःच्या सहीने द्यावा. यात शौर्य नव्हते. माझी नोकरी कायम होती. फारतर नाराजी पत्करावी लागली, ती पत्करली. ज्या बाईंना मी हाताळले, त्यांना मी पुढे पत्र लिहिले आणि जे त्या दिवशी म्हणायला हवे होते ते वाक्य त्यात लिहिले. उत्तर आले नाही. ते येण्याची अपेक्षा करण्याचा मला अधिकारही नाही.

असो. दर वर्षी एप्रिलमध्ये पुढच्या वर्षीच्या कार्यभाराची कोष्टके भरली जातात आणि काही नावे त्यातून गळतात. ती गाळणारे हात बहुधा आपल्यासारख्याच कोणा भाषाशिक्षकाचे असतात, निदान निरोप पोहोचवण्याचे काम तरी त्याच्याकडेच येते. पुढच्या एप्रिलमध्ये ते काम आपल्याकडे आले, तर चहा मागवण्यापूर्वी त्या वाक्याचा कर्ता कोण हे एकदा शोधावे, आणि ते नाव सांगावे. नाव आपलेच असेल, तर तेही.